स्विफ्ट १.२ (के१२एम इंजिन): एक्झॉस्टचं काम कुठवर आलं

गाडी चार सिलिंडरची, ११९७ सीसी, पेट्रोल, टर्बो नाही. साडेतीन हजार आरपीएमच्या पुढे खर्ज लागावा आणि रात्री सोसायटीच्या गेटमधून शिरताना वॉचमनने मानही वळवू नये, एवढंच मागणं आहे. नुसता आवाज वाढवायला अक्कल लागत नाही. मागचा सायलेन्सर काढून सरळ पाइप लावला की अर्ध्या तासात गोंगाट तयार, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) ही तयार: पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्सला सुट्टी. म्हणून कॅटला (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि मधल्या रेझोनेटरला (आवाज दाबणारा मधला डबा) हात लावलेला नाही. फ्लॅन्जच्या (पाइप बोल्टने जोडणारी चकती) मागचं तेवढं नवीन केलं. मूळ सायलेन्सर न कापता माळ्यावर ठेवलाय, केव्हाही परत बसेल.

पाइपचा व्यास. दोन इंची लावा म्हणणारे खूप भेटतात. १.२ मिमी जाडीच्या पावणेदोन इंची (४४.५ मिमी) पाइपचा आतला व्यास ४२.१ भरतो, दोन इंचीचा (५०.८ मिमी) ४८.४. म्हणजे क्षेत्रफळ ३२ टक्क्यांनी वाढतं. एवढ्याशा इंजिनाला ती जागा भरत नाही, वायूचा वेग पडतो आणि आवाज पोकळ, डबा वाजवल्यासारखा येतो. पावणेदोन इंचीच घेतला.

स्टील ३०४ जातीचं स्टेनलेस. मुंबईत सी. पी. टँक, कीका स्ट्रीटच्या बाजूला पाइप तुकड्यातही मिळतो, पण ‘एसएस’ म्हणून २०२ ही हलकी जात गळ्यात पडू शकते. चुंबक इथे फसवतो, कारण २०२ लाही तो चिकटत नाही. मॉलीच्या (स्टेनलेसची जात ओळखायचं रसायन) बाटलीतला थेंब टाकून नऊ व्होल्टची बॅटरी लावा. २०२ मध्ये मँगनीज जास्त असल्याने थेंब लाल होतो. दुकानदार हे करू देत नसेल तर दुसरं दुकान गाठावं. चुंबक चिकटलाच तर ते बहुधा ४०९ असतं. ते वाईट नाही, बरेचसे कारखान्यातले सायलेन्सर त्याचेच असतात, फक्त वरून तांबूस पडतं.

सायलेन्सर सरळ नळीचा: पाच इंच व्यासाचा, सोळा इंच लांब डबा, आत ३ मिमी भोकांची जाळीची नळी. मूळ सायलेन्सरमध्ये कप्पे असतात आणि ते खालचे सूर खातात. सरळ नळीवाला वरचे, कर्कश सूर खातो आणि खालचे सोडून देतो. खर्ज मिळतो तो त्यामुळे, आणि पुढची सगळी डोकेदुखीही त्याचीच. भरण्यासाठी जागा साधारण ४.४ लिटर. लिटरला ११० ग्रॅम धरून ४८० ग्रॅमच्या आसपास ग्लास वूल लागलं. नळीला थेट ग्लास वूल गुंडाळलं तर धडधडीने त्याचा भुगा होऊन जाळीतून उडून जातो, म्हणून आधी स्टील वूलचा एक थर. सैल भरलं तर काही महिन्यांत डबा ठणठणतो, ठासून भरलं तर ध्वनी आत शिरतच नाही.

वेल्डिंग आर्गनचं. ३०४ ला ३०४ जोडताना ३०८एल रॉड, जुन्या ४०९ च्या फ्लॅन्जला जोडताना ३०९एल. गाडीखाली फक्त चार-चार टाके मारायचे, पूर्ण वेल्ड खाली उतरवून टेबलावर. टाके मारण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, अर्थ क्लॅम्प वेल्डच्या जवळ त्याच पाइपवर लावा, आणि पेट्रोल टाकीजवळ वेल्डिंगचा टॉर्च नेऊच नका. पहिला जोड बाहेरून सोनेरी, देखणा आला. कापून पाहिला तर आतून काळा, खडबडीत, जळक्या साखरेसारखा. आतून आर्गन सोडला नव्हता. दोन्ही टोकं ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद करून एका टोकाला बारीक भोक ठेवलं, दुसरीकडून मिनिटाला ६ लिटर आर्गन सोडला, अर्धा मिनिट थांबून वेल्ड केलं. आतून स्वच्छ. फॅब्रिकेटर ‘काही फरक पडत नाही’ म्हणेल. पडतो, तडा तिथूनच सुरू होतो.

आता मुख्य दुखणं. गाडी पाचव्यात २,७०० आरपीएमवर आली की केबिनमध्ये घूं घूं सुरू. एक्सप्रेसवेवर वीस मिनिटांत डोकं उठेल असं. चार सिलिंडरच्या इंजिनात आरपीएम भागिले ३० केलं की स्फोटांची वारंवारता मिळते, म्हणजे इथे ९० हर्ट्झ. मोबाइलच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये उंच काडीही ९० वरच उभी. (२०२४ ची स्विफ्ट तीन सिलिंडरची आहे, तिथे ४० ने भागा.)

यावर उतारा म्हणजे मुख्य पाइपला फुटलेली, शेवट बंद असलेली फांदी, तिची लांबी लहरीच्या पावपट. लहर आत जाऊन आपटून उलटी परतते आणि मूळ आवाजाला मारते. लांबी म्हणजे ध्वनीचा वेग भागिले चार वेळा वारंवारता. पहिल्या फांदीत वेग ३४३ मीटर धरला आणि ९५३ मिमी लांबी काढली. घुमणं जागच्या जागी, उलट ३,१५० ला अचानक शांतता. ३४३ हा खोलीतल्या हवेचा वेग झाला. फांदीत वायू साठून राहतो, मुख्य पाइपपेक्षा थंड असतो, पण तरी १२० अंशांच्या आसपास असतोच, आणि तिथे ध्वनी सेकंदाला ४०० मीटरच्या जवळपास धावतो. ४०० भागिले ३६०, म्हणजे १,११० मिमी. तोंडाशी हवेचा थोडा भाग फांदीसारखाच वागतो म्हणून १० मिमी कमी केले, १,१०० ठेवले.

एवढी लांबी सरळ मावत नाही, यू बेंड घ्यावाच लागतो. तो मध्यरेषेवरून मोजायचा. ७५ मिमी त्रिज्येचा यू मध्यरेषेवर २३६ मिमी भरतो, आतल्या कडेने मोजलात तर १६६. ही ७० मिमीची चूक दीड-पावणेदोनशे आरपीएमची गल्ली चुकवते. शेवटची टोपी आधी क्लॅम्पवर सरकती ठेवा. २० मिमी सरकवलं की साधारण ५० आरपीएमचा फरक. जागा सापडली की मगच वेल्ड. फांदीचा व्यास मुख्य पाइपइतकाच, आणि जोड सायलेन्सरच्या आधी. टेलपाइपच्या तोंडाजवळ दाब मुळात कमी असतो, तिथे फांदी काही करत नाही.

पाणी विसरू नका. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी बनतं. बंद फांदीत ते साचलं तर लांबी बदलते आणि गंजही आतून धरतो. उतार मुख्य पाइपकडे द्या, सर्वांत खालच्या जागी २ मिमीचं भोक पाडा.

मोजणी अशी: गाडी उभी, ३,७५० आरपीएम, फोन पाइपच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशांत, तोंडाच्याच उंचीवर. फोनचा आकडा खरा डेसिबल नसतो, पण मूळ सायलेन्सर आणि नवा याच फोनवर, याच जागी मोजला की तुलना होते. ३ डेसिबलपेक्षा जास्त वाढ दिसली तर भरण पुन्हा उघडायचं, असं ठरवलंय.

घुमणं गेलंय. राहिलंय एक: गरम झाल्यावर मागून टिक टिक. फ्लॅन्जपासून टोकापर्यंत १.६ मीटर ३०४ आहे, २३० अंश तापलं की ६ मिमी वाढतं, आणि टोक बंपरच्या कडेला टेकतं. थंड असताना थोडी फट होती, म्हणून लक्षात आलं नाही. मागच्या हँगरची (रबरातून पाइप टांगून धरणारा) सळई १० मिमी पुढे घेऊन पुन्हा टाके मारायचेत. रबर बसवताना साबणाचं पाणी लावा. ऑइल नको, रबर फुगतं.