मॉरिशसचं ते एकच ब्राँझ

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, एकदाच काय ते सगळं, म्हणजे दर चार वर्षांनी तेच तेच बोलायला नको. प्रश्न असा असतो: "तुमच्या मॉरिशसला ऑलिंपिकमध्ये आजपर्यंत एकच मेडल, तेही ब्राँझ, मग एवढं कौतुक कसलं करता?" माहेरची माणसं विचारतात, शाळेच्या ग्रुपवर मैत्रिणी विचारतात, सुट्टीला आलेले पाहुणे तर आमच्याच घरी जेवता जेवता विचारतात.

हो, एकच. १९८४ला लॉस एंजेलिसला आम्ही पहिल्यांदा गेलो, २००८ला बीजिंगमध्ये ब्रुनो ज्युलीने बॉक्सिंगचं ब्राँझ आणलं, आणि नंतर २०२४च्या पॅरिसपर्यंत परत काही नाही. (आम्ही म्हणते, कारण लग्न होऊन इथे आले आणि आता इथलीच आहे.)

पण ते ब्राँझ कसं आलं ते ऐका. ज्युली ५४ किलोच्या गटात होता, आणि त्याच गटात आपला अखिल कुमार पण होता, त्यामुळे माझा जीव दोन्हीकडे. क्वार्टर फायनलला अखिल मोल्दोव्हाच्या गोजानकडून हरला आणि मी खूप रडले, कारण माझ्या डोक्यात मी भारत-मॉरिशस फायनल लावून बसले होते. ज्युलीने मात्र व्हेनेझुएलाच्या मान्सानियाला हरवलं आणि तिथेच मेडल पक्कं झालं, कारण बॉक्सिंगमध्ये सेमीफायनल हरलेल्या दोघांनाही ब्राँझ मिळतं, वेगळी लढत नसते. सेमीफायनलला समोर क्युबाचा यांकिएल लेओन. तेव्हा दोन-दोन मिनिटांचे चार राउंड असायचे आणि पाचपैकी तीन पंचांनी जवळजवळ एकाच वेळी बटण दाबलं तरच पॉइंट, म्हणजे लागलेला ठोसा पण कधीकधी वायाच. टीव्हीवर फ्रेंच कॉमेंट्री, आम्हाला कुणालाच ती ऐकू येत नव्हती इतका घरात आरडाओरडा, सासूबाई देवासमोर जाऊन बसलेल्या. ७-५. दोन पॉइंटनी गेली. दीर आजही म्हणतात की त्याचे ठोसे मोजलेच नाहीत, मला तसं वाटत नाही, लेओन चांगलाच खेळला, यावरून आमचं अजून वाजतं.

नंतर माहेराहून एका काकांचा फोन आला. मी उत्साहाने सांगितलं की देशाचं पहिलं ऑलिंपिक मेडल आलंय, तर ते म्हणाले, "म्हणजे हरून मिळालं ना?" बस, एवढंच, आणि पुढे पावसाचं बोलायला लागले. मला तेव्हा काही सुचलंच नाही. आता सुचतं. त्याच ऑलिंपिकमध्ये आपला विजेंदर पण सेमीफायनलला हरला, तोही क्युबाच्याच बॉक्सरकडून, ८-५ने, आणि त्याचं ब्राँझही अगदी असंच आलं. त्याला कुणी हरून मिळालं म्हणालं का? त्याच्यासाठी ढोल वाजले, आणि वाजायलाच हवे होते. मग ज्युलीच्या वेळी हिशोब वेगळा का?

पूर्वी मी असल्या प्रश्नाला लोकसंख्या सांगून मोकळी व्हायचे. साडेबारा लाखांचा देश, एका जिल्ह्यापेक्षा लहान, त्यातून एक मेडल म्हणजे किती झालं, वगैरे. हे उत्तर आता मलाच पुरत नाही. ग्रेनाडा लाख-सव्वा लाखाचं बेट, २०१२ला तिथल्या किरानी जेम्सने ४०० मीटरचं सोनं नेलं. बर्म्युडा त्याहून लहान, टोकियोला फ्लोरा डफीने ट्रायथलॉन जिंकली. पॅरिसला १०० मीटर जिंकणारी ज्युलियन आल्फ्रेड सेंट लुसियाची. मग आमचं काय? आमचा स्टेफान बकलंड २००४ला अथेन्समध्ये २०० मीटरच्या फायनलला पोचला, सहावा आला, धावणाऱ्यांमध्ये त्यापुढे कुणी गेलं नाही. लहान आहोत हे खरं, पण ते कारण नव्हे.

दुसरी बाजू पण आहे. शेजारचं रेयुनियन बेट फ्रान्सचं, तिथे जन्मलेल्या दानिएल नार्सिसकडे हँडबॉलची दोन ऑलिंपिक सुवर्णं आहेत, पण ती फ्रान्सच्या खात्यात. रेयुनियन स्वतःच्या नावाने खेळतं ते हिंदी महासागरातल्या बेटांच्या खेळांत, १९७९पासून चालू आहेत ते, आणि इथल्या लोकांचा खरा जीव त्यातच. २०१९ला ते आमच्याकडे झाले, पदकांत आम्ही पहिले आलो, आणि तरी फुटबॉल फायनल पेनल्टीवर रेयुनियनकडून हरलो म्हणून लोक कितीतरी दिवस तेवढंच बोलत होते. हे पाहिलं की वाटतं ऑलिंपिकच्या यादीवरून आम्हाला मोजूच नये. आणि मग वाटतं, शेजाऱ्याला हरवण्यातच आमचं समाधान होतं म्हणून तर पुढे जात नाही ना? माझं एक मत होतच नाही यावर.

तर तुम्ही विचारत राहा, पण जरा बघून. २०२२ला बर्मिंगहॅमला कॉमनवेल्थमध्ये मीराबाईने २०१ किलो उचलून सोनं घेतलं, तुम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवलं, मी पण ठेवलं. त्याच गटातलं सिल्व्हर रोइल्या रानायवोसोआचं, मॉरिशसची, १७२ किलो, तिसऱ्या नंबरच्या कॅनडाच्या मुलीपेक्षा फक्त एक किलो जास्त. २०१८ला गोल्ड कोस्टला पण मीराबाईच्या मागे हीच दुसरी होती. त्या दिवशी मला भारतातून अभिनंदनाचे ढीगभर मेसेज आले, सगळे मीराबाईचे. रोइल्याचा एकही नाही.