फोटोत संध्याकाळ पांढरट का येते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर एकेकाला टाइप करून बोटं दुखायला लागलीत. माझे संध्याकाळच्या आकाशाचे फोटो बघून प्रश्न ठरलेले दोनच, "आकाश खरंच एवढं केशरी होतं की एडिट केलंय?" आणि लगेच पाठोपाठ "मग आमच्या फोटोत ते पांढरट का येतं?"

दुसऱ्याचं आधी सांगते. ऑटो व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंग आपोआप जुळवणाऱ्या सेटिंगचं, कामच मुळी पांढरं पांढरं दिसायला हवं हे बघायचं, त्यामुळे केशरी उजेड दिसला की तो त्यात निळा घालून सगळं "दुरुस्त" करतो, आणि आपण ज्या रंगासाठी टेकडी चढलो तोच नेमका जातो. म्हणून आधी ऑटो बंद करायचं आणि सूर्याचं चिन्ह असलेलं डेलाइट लावायचं, म्हणजे साधारण ५५०० केल्विन (उजेडाचा रंग मोजायचं एकक). क्लाउडी लावलंत, ६०००-६५०० च्या आसपास, तर अजून उबदार येतं, पावसाळ्यानंतरच्या ढगांना मला तेच आवडतं. शेड मात्र फार होतं, हळदीच्या कार्यक्रमाचे फोटो वाटतात. इथे बरेच जण गोंधळतात, की ३२०० चा बल्ब पिवळा असतो मग कॅमेऱ्यात ३२०० लावलं की फोटो निळा का पडतो? कारण तो आकडा लावून तुम्ही कॅमेऱ्याला सांगताय की उजेड पिवळा आहे, मग तो बिचारा निळा घालणारच ना.

आता एक्सपोजर, म्हणजे फोटो किती उजळ यायचा ते. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून पश्चिमेला कॅमेरा धरला की खालची अर्धी फ्रेम झाडं नि दगड, सगळं काळं, आणि कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्याला राखाडी करायच्या नादात आकाश जाळून टाकतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (+/− चं चिन्ह) मायनस एक करा, सूर्य फ्रेममध्ये असेल तर अजून थोडं खाली. फोनवाल्यांनी सूर्याच्या शेजारच्या ढगावर (सूर्यावर नाही) बोट दाबून धरायचं, एक्सपोजर लॉक झालं की ते चिन्ह खाली ओढायचं. माझं बाकीचं ठरलेलं असतं, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ ८ (लेन्सचं छिद्र), शटरचा वेग जो येईल तो, तो फारच खाली आला की कॅमेरा ट्रायपॉडवर, नाहीतर कठड्यावर.

आणि सूर्य बुडला की लोक लगेच का उतरायला लागतात देव जाणे! वरचे पिसासारखे ढग त्यानंतरच खरे पेटतात, त्यांना उंचावर ऊन अजून मिळत असतं. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत आपल्याकडे वीसेक मिनिटं सहज मिळतात. तेवढ्यात एकदा पाठ फिरवून पूर्वेला बघा, हवा स्वच्छ असेल तर गुलाबी पट्टा आणि त्याच्या खाली निळसर राखाडी पट्टा दिसतो, ती पृथ्वीची सावली. तो मायनस न करता काढा, नाहीतर गुलाबी मळकट येतो.

राहिला एडिटचा प्रश्न. मी रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढते, त्यात व्हाइट बॅलन्स नंतर ठरवता येतो, मी डेलाइटच ठेवते, सॅच्युरेशनला हात लावत नाही, सावल्या थोड्या उचलते. तुमचा "एडिट न केलेला" जेपेगसुद्धा एडिट झालेलाच असतो, फक्त तो फोनने तुम्हाला न विचारता केलेला असतो. आणि हो, नाइट मोड बंद ठेवा, तो तिन्हीसांजेची दुपार करून ठेवतो.