ताईचे टॅब नव्या लॅपटॉपवर

आज ऐरोलीला ताईकडे तिचे फायरफॉक्स ब्राउझरचे सगळे टॅब जुन्या कॉम्प्युटरवरून नव्या लॅपटॉपवर आणले. प्रबंधाचं वाचन ती असंच उघडं ठेवते. ‘बुकमार्क करून बंद कर’ हा सल्ला मला पटत नाही. बुकमार्कात फक्त पत्ता राहतो, त्या टॅबमध्ये आपण कुठून कुठे गेलो ते पुसलं जातं.

आधी फायरफॉक्स पूर्ण बंद केला. बंद होतानाच तो प्रोफाइल फोल्डरमध्ये (वापरणाऱ्याची सगळी माहिती तो जिथे ठेवतो तिथे) उघड्या टॅबची नोंद असलेली ‘सेशनस्टोअर’ नावाची फाइल लिहितो. ती पेनड्राइव्हने नव्या प्रोफाइलमध्ये टाकली (तिथलाही फायरफॉक्स बंदच हवा), फायरफॉक्स उघडून मागचं सेशन, म्हणजे बंद करताना उघडे असलेले टॅब, परत आणलं. टॅबचा क्रमसुद्धा जसाच्या तसा! फार बरं वाटलं. पासवर्ड वेगळ्या फाइलींत असतात, त्यामुळे लॉगिन तेवढं तिला पुन्हा करावं लागलं.