पारचा पूल, कमानीखालून

महाड सोडल्यावर सावित्रीच्या पुलावर दुचाकीचा वेग आपोआप कमी होतो. इथला 1928 सालचा दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी गाड्या माणसांसकट घेऊन. त्याच्या जागी 165 दिवसांत बांधलेला नवा पूल जून 2017 मध्ये सुरू झाला. आता ओलांडायला अर्धा मिनिटही लागत नाही.

पुढे पोलादपूर, आंबेनळी घाट, वाडा कुंभरोशी. प्रतापगडाची गर्दी सोडून पार गावाकडे उतरलो. कोयनेवरचा शिवकालीन पूल बघायचा होता, आणि पहिल्या फेरीत तोच ओलांडून पुढे गेलो! बैलं हाकत येणाऱ्या आजोबांना विचारलं तर हसले.

"पाहुणं, त्येच्यावरनंच आलायसा की. खाली उतरा, वरनं काय दिसतंय?"

खरंच, वरून नुसता रस्ता. खाली उतरलो तेव्हा मान वर झाली. काळ्या घडीव दगडाच्या टोकदार कमानी, आणि खांबांना पाण्याच्या अंगाला होडीच्या नाळेसारखी धार. पुराचा लोंढा खांबावर आदळण्याऐवजी दुभंगून निघून जावा म्हणून. दगडावर हात फिरवला, छिन्नीचे घाव अजून बोटांना लागतात.

एवढा खर्च या आडबाजूला का? तर तेव्हा ही आडबाजू नव्हतीच. कोकणातून पारघाट चढलेली वाट इथून रडतोंडी घाटाने महाबळेश्वर, वाईकडे जायची. 1659 मध्ये अफजलखानाची छावणी पारलाच पडली होती. 1656 मध्ये जावळी घेतल्यावर महाराजांनी मोरोपंत पिंगळ्यांकडून प्रतापगड बांधून घेतला, तो याच वाटेवर नजर ठेवायला. मग पावसाळ्यातही वाट चालू राहायची तर कोयनेवर पूल हवाच.

'इंग्रजांचा वाहून गेला, महाराजांचा उभा आहे' असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. मला ते पटत नाही. दोन्ही नद्या क्षेत्र महाबळेश्वरच्याच, पण महाडची सावित्री अख्ख्या डोंगरउताराचं पाणी पोटात घेऊन आलेली असते. पारजवळची कोयना अजून पोरसवदा. पारच्या पाथरवटांचं कौतुक करायला ती धार पुरेशी आहे, कुणाला हरवायची गरज नाही.

डोक्यावरून दुधाचा टेम्पो गेला. कमानीत आवाज घुमला, चिमूटभर मातीही पडली नाही.