धामणगाव ते फोर्ट: एका दिवसात बर्मी जेवण करून यायचं तर

यवतमाळ, कळंब, राळेगावकडच्या माणसाला मुंबई गाठायला अजून धामणगाव स्टेशनच सोयीचं. संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस पकडली की सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटी, आणि परतीची गाडी संध्याकाळी सातनंतर तिथूनच. मधे बारा तास मिळतात. कोर्टाचं, दवाखान्याचं किंवा मंत्रालयातलं काम आटोपून दुपारी काही वेगळं खायचं असेल तर फोर्टमधलं बर्मी जेवण या वेळापत्रकात नेमकं बसतं. 'बर्मा बर्मा' हे हॉटेल तिथे २०१४ मध्ये सुरू झालं. पूर्ण शाकाहारी, दारू नाही, म्हणून घरच्या म्हाताऱ्यांना, पोरासोरांना घेऊन बसायला अवघड वाटत नाही.

बर्मा म्हटलं की आपल्याकडे आधी आठवते ती 'लेमन' तूर, जिच्या आयातीवरून बाजार समितीच्या कट्ट्यावर दरवर्षी वाद झडतात. त्याच देशाचं हे जेवण. बेसन, फल्लीदाणे, तीळ, चिंच, लसूण, कांदा, अंबाडीचा पाला, बांबूचे वास्ते (कोवळे कोंब): तिथल्या स्वयंपाकघरातलं निम्मं सामान आपल्या ओळखीचं आहे. १९३७ पर्यंत बर्मा ब्रिटिश हिंदुस्थानातच होता, त्यामुळे समोसा आणि पराठाही तिकडे पोहोचून बर्मी झाले.

सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाका. पिशव्या घेऊन फोर्टात फिरू नका, टेबलं लहान असतात. स्टेशनपासून हुतात्मा चौकामार्गे काळा घोडा भागात पायी पंधरा-वीस मिनिटं लागतात, टॅक्सीची गरज नाही. दुपारचं जेवण संपलं की अशी ठिकाणं बहुधा संध्याकाळपर्यंत बंद होतात, म्हणून 'तीन वाजता निवांत जाऊ' हा बेत चुकतो. बाराच्या ठोक्याला पोहोचा. शनिवार-रविवार असेल तर आदल्या दिवशी फोन करून टेबल राखून ठेवा. सकाळी पोहे-चहावर भागवा. भरपूर नाश्ता करून गेलात तर खाउस्वेचा (नारळाच्या रश्श्यातल्या नूडल्सचा) वाडगा अर्धा राहणार, कारण नारळाचं दूध आणि बेसन दोन्ही पोटाला जड.

मेनूकार्डावर बाओ, बर्गर, चिप्स असलं काही दिसलं तर पहिल्या खेपेला सोडा. फ्यूजन म्हणून जे मिळतं त्यात बर्मी भाग बहुतेक सारणापुरता किंवा चटणीपुरता असतो. त्यापेक्षा लापेट (चहाच्या पानांचं सलाड), तोहू (बेसनाच्या वड्या), समोसा सूप आणि खाउस्वे यांवर पैसे घाला. चौघांचा हिशेब असा: लापेट एक, तोहू एक, सूप दोन (दोघांत एक), खाउस्वे दोन किंवा तीन. भातावाचून जेवल्यासारखं न वाटणारं कुणी सोबत असेल तर एक भात आणि रस्साभाजी. सगळं एकदम सांगू नका. लापेट आणि तोहू आधी, खाउस्वे ते संपत आल्यावर.

लापेट थो म्हणजे चहाच्या पानांचं सलाड. कोवळी पानं वाफवून, दाबून, महिनोन्‌महिने आंबवलेली असतात. चव कडवट-आंबट. सोबत कोबी, टोमॅटो, तळलेल्या डाळी नि वाल, तळलेला लसूण, तीळ, फल्लीदाणे. कधी हे सगळं वेगवेगळ्या ढिगांत येतं. ते टेबलावरच कालवायचं, लिंबू पिळायचं आणि लगेच संपवायचं. फोटो काढत बसलं की टोमॅटोला पाणी सुटतं, डाळ मऊ पडते, आणि मजा तर कुरकुरीतपणातच आहे. पहिला घास नुसत्या पानांचा घेऊ नका, कडू लागून पुढे हात जात नाही. आणखी एक: या पानांत चहातलं कॅफिन असतंच. परतीच्या गाडीत झोप हवी असेल तर हा पदार्थ दुपारीच बरा.

तोहू ऐकून सोयाबीनचं पनीर समजू नका. शान प्रांतातला हा तोहू बेसनाचा: बेसन, हळद, मीठ, पाणी शिजवून थापायचं आणि गार झाल्यावर वड्या कापायच्या. पाटवडी करणाऱ्या घराला याचं नवल वाटणार नाही, फक्त यात फोडणी नाही आणि थर चांगला जाड असतो. चव सगळी वरच्या चिंचेच्या पाण्यात, तळलेल्या लसणात आणि तिळात. तळलेला मागवलात तर गरम असतानाच खा, गार झाला की आत पिठूळ लागतो. समोसा सूपमध्ये समोसा मोडून डाळीच्या आंबटसर रश्श्यात घातलेला असतो, वर कोबी आणि पुदिना. तर्रीची अपेक्षा ठेवू नका.

आता खाउस्वे. चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. नूडल्स, नारळाच्या दुधाचा बेसनाने दाट केलेला रस्सा, आणि भोवती छोट्या वाट्या: तळलेला कांदा, तळलेला लसूण, तळलेल्या नूडल्स, फल्लीदाण्यांचा कूट, चिरलेला सांबार (कोथिंबीर), सुकी मिरची, लिंबू. साऱ्या वाट्या एकदम पालथ्या घातल्या की बघता बघता लगदा. आधी नूडल्सवर त्या बुडतील एवढाच रस्सा घ्या आणि दोन चमचे नुसते चाखा. मग कूट आणि थोडं लिंबू. कुरकुरीत जिन्नस निम्मे तेव्हा, निम्मे वाडगा अर्धा झाल्यावर. मिरची सगळ्यात शेवटी आणि चिमटीने. नारळाचं दूध तिखट झाकतं, म्हणून सावजी खाणारा माणूस हमखास जास्त घालतो. सुकी मिरची रश्श्यात भिजत भिजत तिखट सोडते आणि तळाचे घास खाववत नाहीत. बेसनामुळे रस्सा गार होताना घट्ट होत जातो, तेव्हा थोडा गरम रस्सा मागून घ्यायला लाजू नका. चॉपस्टिकचा आग्रह कुणी धरत नाही. काटा-चमचा चालतो, आणि बर्मी लोक भात तर परंपरेने हातानेच खातात.

तिखटावाचून जेवण अळणी वाटणाऱ्यांनी तेलातली मिरची वेगळी मागावी. लसूण न खाणाऱ्यांनी बसतानाच सांगावं. वरचा लसूण काढता येतो, रश्श्यात शिजलेला काढता येत नाही. फल्लीदाणे किंवा तीळ ज्यांना बाधतात त्यांनी तर आधीच विचारावं, कारण दोन्ही जवळपास सगळ्यात असतात.

दुसऱ्या एखाद्या बर्मी हॉटेलात गेलात तर 'शाकाहारी आहे ना?' एवढं विचारून भागत नाही. भाजीच्या सलाडातही माशांचा सॉस, सुक्या झिंग्याची पूड किंवा ङपी (आंबवलेली मासळी) पडते. तिन्हींची नावं घेऊन विचारा. मोहिंगा हा तर मुळातच माशाच्या रश्श्याचा.

बिल आलं की दोन ओळी बघा. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के, म्हणजे केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो आपोआप बिलात धरता येत नाही, 'काढा' म्हणायला हरकत नाही.

गावासाठी खाउस्वेचं पार्सल बांधून घेऊ नका. धामणगावपर्यंत रात्रभराचा प्रवास, आणि नारळाच्या दुधाचा रस्सा उकाड्यात सकाळपर्यंत टिकत नाही. त्यापेक्षा घरी करा. चौघांना दोन मोठे नारळ: पहिलं दाट दूध दोन वाट्या, नंतरचं पातळ चार वाट्या. तीन कांदे, आठ-दहा लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं वाटून तेलात परता, तेल सुटलं की हळद नि तिखट, मग पातळ दूध आणि चिरलेल्या भाज्या. चार मोठे चमचे बेसन कोरडं, मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा आणि गार पाण्यात कालवून मगच ओता. थेट गरम रश्श्यात टाकलं तर गाठी, न भाजता टाकलं तर कच्चट वास. भाज्या शिजल्या की दाट दूध घालून आच मंद करा. त्यानंतर खळखळून उकळलं तर दूध फुटून तेल वर येतं. तीनशे ग्रॅम नूडल्स वेगळ्या उकडून, गार पाण्यातून काढून, तेलाचा हात लावून ठेवा. लिंबू पातेल्यात नाही, ताटातच पिळायचं.