सुरी घ्यायला गेले आणि माझीच उलटतपासणी झाली

टोकियोच्या कप्पाबाशी भागात स्वयंपाकाच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत. तिथे सुरी मागितली की दुकानदार सुरी दाखवत नाही, प्रश्न विचारतो. जास्त करून काय चिरता? मासे घरीच साफ करता का? ओटा केवढा आहे? हात उजवा की डावा? धार कोण लावणार? भाजी चिरायची आहे हो, लढाईला नाही जायचं, असं अगदी ओठावर आलं होतं. पण माझं जपानी अजून इतकं तिखट झालेलं नाही. तुळशीबागेत पहिला प्रश्न ‘कितीपर्यंत दाखवू?’ असतो. खिसा विचारणारा दुकानदार मला समजतो. हा माझं स्वयंपाकघर विचारत होता, आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं.

माझी उत्तरं साधी होती. कांदा, कोबी, भेंडी, ढीगभर कोथिंबीर. मासे बाजारातूनच कापून येतात. लगेच त्याने निम्म्या सुऱ्या बाजूला सारल्या. साशिमीच्या, म्हणजे कच्च्या माशाच्या, पातळ कापांसाठीची लांबलचक यानागिबा गेली, माशाचं डोकं तोडायची जाडजूड देबा गेली. या दोन्हींना धार एकाच बाजूने असते, त्यामुळे डावखुऱ्यांना वेगळी मागवावी लागते. उरल्या तीन. नाकिरी म्हणजे निव्वळ भाजीची, आयताकृती, टोक नसलेली. ग्युतो साधारण २१ सेंटिमीटरची, पाश्चात्त्य मांसाच्या सुरीवरून आलेली. आणि सान्तोकु, १६.५ ते १८ सेंटिमीटरची, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी घराघरांत रुळलेली, भाजी-मासे-मांस सगळ्याला चालणारी.

इथल्या आपल्या मंडळींचा आग्रह ग्युतोचा, तीही दमास्कस नक्षीची. पात्यावरच्या त्या लाटा दिसायला देखण्या, पण चिरतं ते मधलं पोलाद. शिवाय माझ्या ओट्यावर पोळपाट ठेवला की २१ सेंटिमीटरची सुरी फिरवायची कुठे? मी सान्तोकु घेतली. पोलाद न गंजणारं निवडलं. कार्बन पोलादाला धार सुरेख चढते, पण टोमॅटो-लिंबू चिरून सुरी तशीच ओली ठेवली तर ती गंजते, आणि आमच्याकडे सुरी जेवणं होईपर्यंत ओट्यावरच असते. पंधरा हजार येनच्या आत काम झालं.

आता कौतुक. कोथिंबीर चिरताना ठेचली जात नाही, ताटलीत हिरवं पाणी सुटत नाही, कांद्याला डोळे कमी झोंबतात. पातं पातळ आणि धारेचा कोन अरुंद, एवढंच त्यामागचं कारण.

पण म्हणून कुणी विळीला नावं ठेवायची नाहीत. माझ्या जपानी शेजारणीने विळी पाहिली आणि दोन पावलं मागेच सरकली. तिला म्हटलं, बाई गं, इथे पातं जागचं हलत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात, घाबरायचं काय त्यात? तुमच्या या नाजूक सुरीने नारळ फोडून दाखव. जपानी सुरी कडक असते, त्यामुळे वाकत नाही, तिचा टवका उडतो. हाडं नकोत, गोठलेलं मटण नको, लाल भोपळ्यात रुतवून पिळायचं नाही. चिरलेली भाजी गोळा करायची तर पात्याच्या पाठीने, धारेने नाही. एवढे लाड आईच्या विळीने कधी मागितले नाहीत. (विळी आता फक्त खोबरं खवायलाच निघते, हे आईला अजून सांगितलेलं नाही. फ्लॅटमध्ये खाली बसायला जागाच कुठे आहे?)

‘येताना एक आण’ असे मेसेज आलेत म्हणून सांगते. विमानात सुरी चेक-इन बॅगेतच जाते. इथेही सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पातं सबळ कारणाशिवाय जवळ बाळगून फिरणं गुन्हा आहे. दुकानदार नीट बांधून देतो, ते घरी येईपर्यंत सोडायचं नाही. आणि सुरीबरोबर धार लावायचा १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाचा बारीकपणा) पाणदगड घ्यावाच लागेल. तो भिजवून, पातं तिरकं धरून, सावकाश घासायचं. सायकलवरच्या धारवाल्याकडे ही सुरी दिलीत तर त्याच्या चाकावर तो अरुंद कोन गेलाच समजा. दगडाचे पैसे जड वाटत असतील तर सुरीही मागवू नका, मी चॉकलेटं आणते.