सॅडल जुलैत घासला, भोगलं मार्चात

मागच्या जूनमध्ये मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की दोन्ही गिटारी आता मस्त सेट झाल्यात, वर्षभर हात लावायला नको. हसून घ्या. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत एक सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) वाया घालवला, ट्रस रॉड (नेकच्या आतली, नेकचा बाक कमीजास्त करणारी सळई) उगाच फिरवून परत जागेवर आणला, आणि बुधवार पेठेत इतक्या चकरा झाल्या की तिथला एक कंपोनंटवाला आता लांबूनच "आज काय?" विचारतो. वहीत तारखा आणि मापं टिपत गेले म्हणून हे नीट सांगता तरी येतंय.

नवीन लोकांसाठी पटकन: अकूस्टिक ड्रेडनॉट आहे, टॉप सॉलिड स्प्रूस, बाजू आणि पाठ लॅमिनेट, फ्रेटबोर्ड शिसवीचा, तारा १२-५३ (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). इलेक्ट्रिक म्हणजे स्ट्रॅटची (फेंडर स्ट्रॅटोकास्टरची) कॉपी, तीन सिंगल कॉइल पिकअप, स्केल (नटपासून सॅडलपर्यंत तारेची लांबी) साडेपंचवीस इंच. घर पुण्यात, तिसरा मजला, पश्चिमेला मोठी खिडकी.

जुलै, दुसरा आठवडा

अकूस्टिकवर एफ कॉर्ड धरताना बोटं रडायला लागली. बाराव्या फ्रेटवर जाड ई तारेखालचं अंतर मोजलं तर ३.२ मिमी, जूनमध्ये २.५ होतं. माझी अक्कल काय म्हणाली, नेक वाकला. लगेच अ‍ॅलन की घेतली आणि ट्रस रॉड पाव फेरा आवळला, मोजलं नंतर. (हो, माहितीये, उलटं केलं.) पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), चौदाव्यावर बोट दाबून धरायचं आणि सहाव्या-सातव्या फ्रेटवर तारेखाली फीलर गेज (मापाच्या पातळ पट्ट्या) सरकवायचं, तर रिलीफ (नेकचा हलका बाक) जेमतेम ०.१ मिमी उरला होता, आणि पहिल्या तीन फ्रेटवर सगळं खरखरत होतं. जूनच्या नोंदीत रिलीफ ०.२५ होता. पाव फेरा उलटा फिरवला, दुसऱ्या दिवशी बघितलं, परत ०.२५. म्हणजे नेक बिचारा जागेवरच होता, मीच त्याच्या मागे लागले होते. फीलर गेज गिटारच्या दुकानात शोधू नका बरं का, नाना पेठेत स्पेअर पार्टवाल्यांकडे मिळतं, टॅपेट सेट करायचं तेच.

मग स्टीलची पट्टी ब्रिजच्या मागे टॉपवर आडवी ठेवली. पट्टी मधे टेकली आणि दोन्ही बाजूंना सी-सॉसारखी डुलायला लागली. टॉप फुगलाय, पुरीसारखा. सॉलिड लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने पसरतं, कडा चिकटवलेल्या, त्यामुळे बाहेर जायला जागा एकच, वर. त्यात १२-५३ च्या तारांची ओढ सत्तर किलोच्या वर. ब्रिज वर उचलला जातो आणि त्याच्यासोबत तारांची उंची, म्हणजे अ‍ॅक्शन.

हवेतला दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर ८४ टक्के दाखवत होता. स्वस्तातला आहे, म्हणून त्याची मिठाची टेस्ट केली, बाटलीच्या झाकणात ओलं मीठ (पाणी नाही, नुसतं चिखलासारखं ओलं), ते आणि मीटर एकाच घट्ट डब्यात रात्रभर. बंद डब्यात ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. माझा दाखवत होता ६९. म्हणजे सहा मिळवायचे, खरी हवा ९०! गिटारला ४५ ते ५५ आवडते आणि माझी खुंटीवर, उघडी, भर पावसाळ्यात त्या खिडकीशेजारी.

इथे शहाणपण संपलं. टॉप फुगलाय हे कळलं होतं, हवा कोरडी झाली की उतरणार हेही कळलं होतं, पण गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात पाच गाणी वाजवायची होती. म्हणून घासला सॅडल. हिशोब सोपा, बाराव्या फ्रेटवर जेवढं खाली हवं त्याच्या दुप्पट सॅडलच्या बुडातून काढायचं, मला ०.७ हवं होतं म्हणून १.४ मिमी. ग्रॅनाइटच्या ओट्याइतकी सपाट जागा घरात दुसरी नाही, त्यावर १२० चा पॉलिश पेपर चिकटवला आणि बुड घासत बसले. आई म्हणाली, "कसलं पीठ सांडलंयस गं, आणि वास कसला?" प्लास्टिकचा सॅडल तो, जळका वास येणारच.

गणपती मात्र झकास झाले. पाचही गाणी, एकदाही एफ सुटला नाही.

सप्टेंबर, इलेक्ट्रिक

स्ट्रॅटचा व्हॉल्यूम फिरवला की स्पीकरमधून चिवडा खाल्ल्यासारखा आवाज यायचा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, वीस वेळा नॉब फिरवला, दोन आठवडे शांत, परत चिवडा. नॉबखालचा पॉटच (बदलता रेझिस्टर) बदलायचा ठरवलं. सिंगल कॉइलला २५० के (किलोओहम) लागतो, बुधवारात मिळाला २२० के, घेतला. कानाला फरक जाणवला नाही, तुम्हाला जाणवत असेल तर तुमचे कान माझ्यापेक्षा भारी आहेत. टोनचा कपॅसिटरही बदलला, ०.०२२ मायक्रोफॅरड मागितला की काही जण बघत बसतात, "२२३ द्या" म्हणलं की लगेच ड्रॉवर उघडतो, कारण अंगावर तेच छापलेलं असतं.

त्याच झटक्यात १०-४६ तारा काढून ९-४२ टाकल्या. सहा तारांची मिळून ओढ ४६ किलोवरून ३८ वर येते आणि ट्रेमोलो ब्रिज तरंगता असेल तर मागच्या स्प्रिंगा जिंकतात, ब्रिज मागे बसतो. तसंच झालं. मागचं झाकण काढून क्लॉचे (स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे) स्क्रू सैल करायचे, परत ट्यून, परत बघायचं, परत सैल. एक तार ट्यून केली की बाकीच्या पाच उतरतात. सात फेऱ्या लागल्या, आठव्या फेरीत ब्रिजच्या मागच्या कडेखाली ३ मिमी फट मिळाली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. मग इंटोनेशन, बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवायचा, दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरलेला आला तर पुढे. जाड ईच्या सॅडलचा स्क्रू गंजून बसला होता, गंज सोडवायचं तेल थेंबभर टाकून रात्रभर ठेवल्यावर सुटला.

एक गोष्ट पोटतिडकीने सांगते. वाजवताना तारांना हात लागला आणि मुंग्या आल्या तर "थोडंसं येतंय" म्हणून सोडून देऊ नका. इलेक्ट्रिकच्या तारा अँपच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात, भिंतीत अर्थिंग नसेल तर अँपमधून गळणारा करंट तुमच्यातून जातो. आधी सॉकेट तपासा.

डिसेंबर, मिरज

मामाकडे गेले होते. त्याचा तंबोरा जवारी लावायला (घोडी घासून झंकार आणायला) द्यायचा होता म्हणून त्याच्याबरोबर सतारमेकरांच्या दुकानात गेले. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, मामा हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.) काका घोडीचा (तारा टेकतात त्या ब्रिजचा) माथा कानशीने घासत होते, दोनतीन हात मारले की तार छेडायची, कान लावायचा, परत दोन हात. घोडीचा माथा रुंद आणि किंचित गोलसर, तार त्याला एका रेषेत न टेकता हलकी घासत थरथरते, तोच तो झंकार. म्हणजे आपण ज्याला बझ म्हणून शिव्या देतो ते इथे हा माणूस पैसे घेऊन बनवत होता! गिटारचं सांगितलं तर हसले आणि हाडाचा एक ओबडधोबड तुकडा हातात ठेवला, "घे, प्लास्टिक कशाला घालतेस."

मार्च

आणि आली वसुली. दुपारी हायग्रोमीटर २४ (अधिक सहा, ३०). अकूस्टिकचा टॉप पार बसला, बाराव्या फ्रेटवर १.७ मिमी, जाड ई आणि ए जरा जोरात मारल्या की पाचव्या फ्रेटपासून खरखर. फ्रेटबोर्ड आक्रसल्यामुळे फ्रेटची टोकं कडेला बाहेर आली, नेकवरून हात फिरवला की करवत. टॉप जे करणार होता तेच त्याने केलं, ०.७ मीच खाल्ले होते.

साबणाच्या डबीला भोकं पाडली, आत ओला पिळलेला स्पंज, केसमध्ये हेडस्टॉकजवळ, आणि गिटार आता केसमध्येच, खुंटी बंद. दहा दिवसांत केसमधली हवा ४८, फ्रेटची टोकं बरीचशी आत, अ‍ॅक्शन १.९. तरी कमीच.

मग मिरजेचा हाडाचा तुकडा काढला. हाड घासायला वेळ लागतो, तीन संध्याकाळी गेल्या, तोंडाला रुमाल बांधून, आणि या वेळी गच्चीत, ओट्यावर नाही. उंची बरोबर आली, २.४. तारा चढवल्या, मोकळी बी तार छेडली आणि चक्क सतार. झंsss. दाबली तरी तेच, कुठल्याही फ्रेटवर. नट (हेडस्टॉकजवळची खाचांची पट्टी) नाही, फ्रेट नाही, अर्धा तास डोकं खाजवलं. मग मिरजेची घोडी डोळ्यापुढे आली. मी माथा सपाट ठेवला होता! तार कडेवरून सुटायच्या ऐवजी माथ्यावर लोळत होती, नकळत जवारी लावून ठेवली होती. ४०० च्या पेपरने माथ्याला मागे उतार दिला, तार फक्त पुढच्या कडेला टेकेल इतका. बी गप्प. व्हिडिओ मामाला पाठवला, त्याचा रिप्लाय: "आधीचा आवाज चांगला होता."

जुना घासलेला प्लास्टिकचा सॅडल फेकला नाही. दोन छोटी पाकिटं केली आहेत, एकावर "पाऊस" लिहून त्यात तो, दुसरं "ऊन" हाडाच्यासाठी, सध्या रिकामं. केसमध्ये राहिली तर जुलैत अदलाबदल करायची वेळच येऊ नये, पण गणपतीत परत पाच गाणी आहेत, त्यामुळे पाकीट राहू दे. स्ट्रॅटची जी (G) तार अजून ट्यून करताना नटमध्ये अडकून टिक करते, पेन्सिलीचं शिसं भरून बघितलं, दोन दिवस चाललं. खाच रुंद करायची हिंमत होत नाहीये, कुणी सुईच्या कानशीने केलं असेल तर किती हात मारले ते सांगा.